काढा, चूर्ण आणि डॉक्टरांची गोळी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वनौषधी आणि आधुनिक औषधे एकाच काळात घेण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न संक्षेपाने येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत. ही उत्तरे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र त्यांच्याकडे जाताना नेमके काय सांगायचे आणि काय विचारायचे, हे त्यांवरून ठरवता यावे, असा प्रयत्न केला आहे.

प्रश्न: माझ्या सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललेली असून त्या रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिनची गोळी घेतात. गुडघेदुखीसाठी त्यांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून लसणाच्या कॅप्सूल सुरू केल्या. पुढच्या तपासणीत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) बराच वाढलेला आढळला आणि डॉक्टरांनी दोन्ही कॅप्सूल बंद करायला सांगितले. हळद आणि लसूण आपण रोजच खातो. नैसर्गिक पदार्थांनी असे कसे होईल, असे सासूबाई विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर: सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यांच्याच गोळीच्या इतिहासात सापडते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतील गुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली होती. स्वीट क्लोव्हर नावाच्या वनस्पतीचा बुरशी लागलेला चारा त्यांनी खाल्ला होता. त्या चाऱ्यातील रक्त गोठू न देणारे द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळे केले आणि त्याच कुळातून पुढे वॉरफरिन तयार झाले. हृदयविकारातील डिजॉक्सिन डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळते, मॉर्फिन अफूपासून. वनस्पतीत शरीरावर परिणाम करणारी द्रव्ये असतात म्हणूनच ती औषध ठरते, आणि जे द्रव्य परिणाम करते ते दुसऱ्या औषधाच्या कामातही ढवळाढवळ करू शकते. त्यामुळे ‘नैसर्गिक’ असण्यावरून एखादी गोष्ट निर्धोक आहे की नाही, हे ठरत नाही.

आता मात्रेचा मुद्दा. स्वयंपाकात पडणारी चिमूटभर हळद आणि अर्क काढून एका कॅप्सूलमध्ये भरलेले हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य यांत फार मोठे अंतर आहे. शिवाय कर्क्युमिन आतड्यांतून रक्तात फारच कमी शोषले जाते, म्हणून अशा पुष्कळ कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क, म्हणजे पिपेरिन, मुद्दाम घातलेला असतो. त्याने कर्क्युमिनचे शोषण अनेक पटींनी वाढते. परंतु पिपेरिन कर्क्युमिनपुरतेच थांबत नाही. अपस्मारावरील फेनिटॉइन आणि रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या औषधांची रक्तातील पातळीही त्याने वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. वॉरफरिनवर स्थिर असलेल्या या रुग्णाने हळदीचे उत्पादन सुरू केल्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा आयएनआर १० च्या वर गेला होता. बहुतेक रुग्णांमध्ये तो २ ते ३ च्या दरम्यान आणि काही कृत्रिम झडपांसाठी त्याहून थोडा वर ठेवायचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

लसणाच्या बाबतीत एक वेगळीच अडचण आहे आणि ती फारशी कुणी समजावून सांगत नाही. रक्त गोठण्याच्या क्रियेत यकृतात तयार होणारे काही घटक असतात आणि जखमेपाशी एकमेकींना चिकटणाऱ्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, असतात. वॉरफरिन पहिल्यांवर काम करते आणि आयएनआर त्यांचेच मोजमाप करतो. लसणाचा अर्क, आल्याचा अर्क किंवा गिंको या वृक्षाचा अर्क यांचा परिणाम मुख्यतः प्लेटलेटवर होऊ शकतो, आणि तो आयएनआरमध्ये उमटेलच असे नाही. म्हणजे तपासणीचा आकडा समाधानकारक असूनही रक्तस्रावाचा धोका वाढलेला असू शकतो. म्हणून ‘आयएनआर नीट आहे, मग कॅप्सूल चालू ठेवायला काय हरकत आहे’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. उलट दिशेचेही उदाहरण आहे: जिनसेंग या मुळीने वॉरफरिनचा परिणाम कमी होतो आणि मग झडपेवर गुठळी होण्याची भीती असते.

सासूबाईंना एवढेच सांगावे की स्वयंपाकातील हळद-लसूण नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नाही, मात्र अर्काच्या कॅप्सूल नकोत. कॅप्सूल बंद केल्यावर आयएनआर पुन्हा खाली येऊ शकतो, म्हणून पुढची तपासणी लवकर करून घ्यावी आणि गोळीची मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळे-जांभळे डाग दिसणे, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे किंवा डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गुडघेदुखीचा प्रश्न खरा आहे. तो त्यांनी डॉक्टरांपुढे पुन्हा मांडावा, कारण दुखणे तसेच राहिले तर त्या आणखी कुणाच्या सांगण्यावरून आणखी काहीतरी सुरू करतील. मात्र वॉरफरिन चालू असताना दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही तितक्याच धोक्याच्या असतात, हेही त्यांना सांगून ठेवावे.

प्रश्न: काढा आणि डॉक्टरांची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवले की काही होत नाही, असे आमच्याकडे सगळेच मानतात. हे बरोबर आहे का?

उत्तर: काही बाबतींत बरोबर आहे आणि नेमक्या ज्या बाबतींत धोका मोठा, तेथे चूक आहे. हा समज इतका रुजलेला आहे की त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल.

गोळी गिळल्यापासून तिचा प्रवास तीन टप्प्यांत होतो: ती आतड्यांतून रक्तात शिरते, यकृत आणि आतड्यांचे अस्तर तिचे विघटन करतात आणि शरीराच्या ज्या भागावर तिने काम करायचे तेथे ती पोहोचते. वनौषधी यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडथळा आणू शकते. पहिल्या टप्प्यात अंतराचा उपयोग होतो. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि गोळीतील औषध त्यात अडकून राहू शकते. म्हणून इसबगोल आणि इतर औषधे यांत दोन तासांचे अंतर ठेवणे योग्यच आहे. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी आणि इसबगोल रात्री, अशी विभागणी केली तर प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या टप्प्यात मात्र घड्याळाचा उपयोग होत नाही. औषधांचे विघटन करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, काही वनस्पतींमुळे मंदावतात आणि काहींमुळे वाढतात. हे बदल दोन तासांत भरून येत नाहीत. ग्रेपफ्रूटचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचा आणि मद्याचा परस्परसंबंध तपासत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा खूपच वर गेल्याचे त्यांना आढळले. १९८९ मध्ये ही बाब प्रसिद्ध झाली. पुढे कळले की या फळातील फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्ये आतड्याच्या अस्तरातील विकर कायमचे निकामी करतात आणि शरीराने नवे विकर तयार करेपर्यंत, म्हणजे चोवीस तासांहूनही अधिक काळ, तो परिणाम टिकतो. सकाळी रस आणि रात्री गोळी, असे केले तरी संकट टळत नाही. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिम्व्हास्टॅटिनबरोबर हे घडले तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. पपनस हे ग्रेपफ्रूटच्याच जवळचे फळ आहे आणि त्यातही ही द्रव्ये असतात.

तिसऱ्या टप्प्यात तर दोन्ही औषधे एकाच दिशेने ओढत असतात. झोपेची गोळी आणि गुंगी आणणारी वनस्पती, साखर कमी करणारी गोळी आणि साखर कमी करणारे चूर्ण, अशा जोड्यांमध्ये कोणते कधी घेतले याला फारसा अर्थ नसतो, कारण दोन्ही रक्तात एकाच वेळी हजर असतात.

प्रश्न: मन उदास राहते म्हणून मी काही महिने सेंट जॉन्स वॉर्टच्या कॅप्सूल घेत आहे. मी गर्भनिरोधक गोळ्याही घेते. आता डॉक्टरांनी नैराश्यावरील एक गोळी लिहून दिली आहे. त्यांना कॅप्सूलविषयी सांगितलेले नाही.

उत्तर: ताईंना पहिली विनंती ही की नवी गोळी सुरू करण्यापूर्वी आजच डॉक्टरांना फोन करून या कॅप्सूलविषयी सांगावे. परस्परक्रियांच्या बाबतीत इतकी ठोस माहिती क्वचितच दुसऱ्या एखाद्या वनस्पतीविषयी जमा झालेली आहे.

सेंट जॉन्स वॉर्टमधील हायपरफोरिन हे द्रव्य यकृतातील विकरे वाढवते, त्यामुळे अनेक औषधे शरीरातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर टाकली जातात. २००० मध्ये याची दोन ठळक उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एकात एचआयव्हीवरील इंडिनाव्हिर या औषधाचे रक्तातील प्रमाण सरासरी ५७ टक्क्यांनी घटले होते. दुसऱ्यात हृदय-प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनची पातळी खालावून शरीराने नवे हृदय नाकारायला सुरुवात केली होती. गर्भनिरोधक गोळ्यांवरही हाच परिणाम होतो. पाळीच्या मधल्या काळात डाग दिसणे ही त्याची एक खूण असते आणि अनपेक्षित गर्भधारणेच्या नोंदीही आहेत. तेव्हा कॅप्सूल घेत असताना आणि त्यानंतरही काही आठवडे गर्भनिरोधनाचे दुसरे साधन वापरावे. नेमके किती काळ, ते डॉक्टरांना विचारावे.

नैराश्यावरील गोळीचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. तुमची कॅप्सूल आणि नैराश्यावरील बहुतेक औषधे मेंदूतील सेरोटोनिन वाढवतात. दोन्ही एकत्र झाली तर अस्वस्थता, कापरे, घाम, जुलाब, ताप, हृदयाचे जलद ठोके अशी लक्षणे दिसू शकतात आणि ती तीव्र झाली तर जिवावर बेतू शकते. विकरांवरील परिणाम ओसरायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे कॅप्सूल कधी थांबवायची आणि गोळी कधी सुरू करायची, याचे वेळापत्रक डॉक्टरांकडूनच आखून घ्यावे. आणि हे सांगताना संकोच करू नका. उदासीवर तुम्ही स्वतःहून उपाय शोधलात, यात लपवण्यासारखे काहीच नाही.

प्रश्न: थायरॉइडची गोळी चालू आहे. अश्वगंधा घ्यावी का?

उत्तर: डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरकांची पातळी वाढल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. गोळी आणि अश्वगंधा मिळून मात्रा जास्त झाली तर धडधड, वजन घटणे आणि झोप न लागणे असे त्रास होऊ शकतात. यकृताचा आजार असल्यास अश्वगंधा टाळावीच, कारण तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

प्रश्न: वडिलांचे वय ७० च्या पुढे आहे. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी आणि हृदयासाठी डिजॉक्सिन दिलेले आहे. खोकल्यासाठी ते महिनाभर ज्येष्ठमधाचा काढा दिवसातून तीन वेळा घेत आहेत. आता पायांत गोळे येतात, थकवा वाटतो आणि रक्तदाबही वाढला आहे. याचा काढ्याशी संबंध असेल का?

उत्तर: संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. काढा आजच थांबवावा आणि शक्य तितक्या लवकर, म्हणजे आज नाही तर उद्या, रक्तातील पोटॅशियम तपासून ईसीजी काढून घ्यावा.

आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक मुबलक असते. मूत्रपिंडात त्याने जाऊन मीठ साठवण्याचा आदेश देऊ नये, म्हणून तेथील एक विकर त्याला सतत निष्क्रिय करीत असते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनपासून तयार होणारे द्रव्य नेमके हेच विकर रोखते. मग कॉर्टिसोल मोकळे सुटते, शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते. तुमच्या वडिलांची लघवी वाढवणारी गोळीही पोटॅशियम कमी करणारीच असेल, तर एकाच दिशेचे दोन परिणाम एकत्र आले आहेत. आणि पोटॅशियम घटले की डिजॉक्सिनचा हृदयावरील विषारी परिणाम वाढतो, जरी त्याची मात्रा तीच असली तरी. ठोके अनियमित होणे, मळमळणे, दृष्टी पिवळसर किंवा धूसर होणे, यांपैकी काही जाणवत असेल तर उद्याची वाट पाहू नये. थेट रुग्णालयात न्यावे.

ग्लिसिरायझिनचे दिवसाला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नियमित सेवन करू नये, असा युरोपातील तज्ज्ञ समितीचा सल्ला आहे. घरी उकळलेल्या काढ्यात ते किती उतरले हे कुणालाही सांगता येत नाही, आणि हीच काढ्यांची मोठी अडचण आहे. घशाला बरे वाटावे म्हणून कधीतरी एखादा तुकडा चघळणे आणि महिनाभर रोज तीन वेळा काढा घेणे, या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. काढा थांबवल्यावरही परिणाम पूर्ण ओसरायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून पोटॅशियम पुन्हा तपासावे. सोनामुखीसारखी रेचके दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही पोटॅशियम घटण्याचा हाच धोका असतो.

एक गोष्ट राहून गेली: महिनाभर न थांबणारा खोकला आणि हृदयविकार असलेली व्यक्ती, हा संयोग मुळातच तपासणी मागतो. रक्तदाबावरील काही गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो, तेव्हा सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

प्रश्न: यजमानांना मधुमेह असून ते ग्लिमेपिराइड घेतात. एका ओळखीच्यांनी दिलेल्या चूर्णाने आठवड्याभरातच साखर झपाट्याने उतरली. आता रात्री घाम येऊन थरथर होते. चूर्ण गुणकारी आहे, तर गोळी बंद करावी का?

उत्तर: गोळी स्वतःहून बंद करू नये. बंद करायचे ते चूर्ण. रात्रीचा घाम आणि थरथर ही साखर प्रमाणाबाहेर उतरल्याची लक्षणे आहेत. त्या वेळी साखर मोजावी, लगेच ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यावे आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता रुग्णालयात न्यावे. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा बरे वाटले तरी साखर पुन्हा उतरू शकते. तोवर त्यांना एकटे झोपू देऊ नये आणि गोळीच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी लगेच बोलावे.

कारले, मेथी, गुडमार यांनी साखर थोडीफार कमी होऊ शकते आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये तेवढा परिणामही भारी पडतो. परंतु पत्रातील ‘आठवड्याभरात झपाट्याने’ हे शब्द मला अधिक काळजीचे वाटतात. मधुमेहावरील वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी आधुनिक औषधे गुपचूप मिसळलेली असल्याचे निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी वेळोवेळी उघड केले आहे. असे असेल तर यजमान नकळत एकाच गटातील दोन औषधे घेत आहेत. सांधेदुखीवरील पुड्यांमध्ये स्टिरॉइड सापडल्याचीही उदाहरणे आहेत. तेथे गुंता आणखी वाढतो, कारण अनेक आठवडे घेतलेले स्टिरॉइड एकदम थांबवल्यास रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून अशी पुडी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावी. ज्या डबीवर घटकांची यादी, निर्मात्याचे नाव आणि परवाना क्रमांक नाही, ती कितीही विश्वासू माणसाने दिलेली असली तरी घेऊ नये. उरलेले चूर्ण फेकू नका, ते तपासणीसाठी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: काढ्यांचे नाव काढले की आमचे डॉक्टर रागावतात. म्हणून मी सांगतच नाही. चुकते का?

उत्तर: रागावणाऱ्या डॉक्टरांचेही चुकते, हे आधी मान्य करतो. रुग्णाने बोलायचे टाळावे असे वातावरण निर्माण झाले, की उपचारातील सर्वांत महत्त्वाची माहिती दाराबाहेर राहते. ज्या डॉक्टरांना आयएनआर का वाढला, साखर का उतरली किंवा झटके पुन्हा का आले हे कळत नाही, ते चुकीच्या कारणासाठी मात्रा बदलतात आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. पण तुमच्या मौनाने हेच घडणार आहे, म्हणून सांगायलाच हवे.

‘मी हे घेऊ का’ असे विचारण्याऐवजी ‘मी हे अमुक तारखेपासून, इतक्या प्रमाणात घेत आहे’ असे सांगावे, म्हणजे चर्चा परवानगीवरून माहितीवर येते. डबी बरोबर न्यावी किंवा लेबलाचे छायाचित्र दाखवावे, कारण एकाच नावाच्या दोन उत्पादनांत घटक वेगळे असू शकतात. चहा, सरबते, झोपेसाठीचे थेंब, जीवनसत्त्वांच्या गोळ्या या गोष्टी ‘औषध’ वाटत नाहीत म्हणून यादीतून सुटतात, त्याही लिहाव्यात. वैद्यांकडून औषध घेत असाल तर हीच यादी त्यांनाही द्यावी. चांगला वैद्य आधुनिक औषधांची चौकशी केल्याशिवाय औषध देत नाही. दोन्ही औषधे एकाच दिवशी सुरू किंवा बंद करू नयेत, म्हणजे त्रास झाला तर तो कशामुळे झाला हे कळते.

वॉरफरिन, डिजॉक्सिन, लिथियम, अपस्मार किंवा एचआयव्हीवरील औषधे, प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि कर्करोगावरील उपचार चालू असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय कोणतीही वनौषधी सुरू करू नये. या औषधांपैकी काहींच्या उपयुक्त आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे असते, तर काहींची पातळी जराशी घटली तरी आजार पुन्हा उसळी घेतो. गर्भवती, स्तनदा माता आणि मूत्रपिंड वा यकृताचे रुग्ण यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न: पुढच्या महिन्यात माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. मी लसूण, गिंको आणि जिनसेंगच्या कॅप्सूल घेतो. केव्हा थांबवू?

उत्तर: शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी तिन्ही थांबवाव्यात. तिन्हींमुळे रक्तस्राव वाढू शकतो, शिवाय जिनसेंगने उपाशीपोटी साखर उतरू शकते. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली कोणतीही गोळी या सल्ल्यात गृहीत धरून बंद करू नये, कारण रक्तदाब, थायरॉइड किंवा अपस्मार यांवरील गोळ्या बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशीही घ्यायच्या असतात. त्याविषयी शल्यचिकित्सक स्वतंत्र सूचना देतील. भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी प्रश्न विचारतील तेव्हा थांबवलेल्या कॅप्सूलची नावे आणि शेवटची कॅप्सूल घेतल्याची तारीख त्यांना सांगावी. आणि मधल्या काळात पित्ताशयाचे दुखणे बळावून तातडीने शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर रुग्णालयात पोहोचताच सर्वप्रथम हीच माहिती द्यावी, म्हणजे डॉक्टर रक्तस्रावाच्या शक्यतेची तयारी आधीच करून ठेवतील.